कारखान्यांचे वर्षाचे मोजमाप
भारतात वार्षिक उद्योग पाहणी १९५९ पासून होते. वीज वापरणारे किमान १० कामगारांचे किंवा वीज न वापरणारे किमान २० कामगारांचे कारखाने तिच्या कक्षेत येतात. मोठे कारखाने सरसकट, छोटे नमुन्याने तपासतात.

महत्त्वाचा आकडा विक्रीचा नव्हे, मूल्यवर्धनाचा. उदाहरणार्थ, साखरेच्या किमतीतून ऊस, इंधन, रसायनांचा खर्च वजा केला की उरते ती कारखान्याची खरी भर. नाहीतर ऊस शेतीत आणि साखरेत असा दोनदा मोजला जाईल. शिवाय भाववाढही वगळायला हवी. साखर नुसती महागली, तर उत्पादन वाढले असे होत नाही.

चार-पाच माणसांचे यंत्रमाग मात्र या पाहणीबाहेर राहतात. म्हणून केवळ हिच्यावरून यंत्रमागांच्या इचलकरंजी शहराचे चित्र रंगवणे मला अन्यायाचे वाटते. अशा छोट्या व्यवसायांसाठी वेगळी पाहणी होते. तीही सोबत वाचावी.