हेड उतरवल्यानंतर

इंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता उत्पन्न होते तिचा फार तर एक तृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो, साधारण तेवढाच भाग धुराबरोबर नळीवाटे निघून जातो, आणि उरलेल्या भागाची विल्हेवाट लावण्याची सारी जबाबदारी इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यावर व त्या पाण्याला निववणाऱ्या रेडिएटरवर येऊन पडते. गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगाने धावत असते तोवर समोरून येणारा वारा हे काम विनातक्रार पार पाडतो आणि रेडिएटरमागच्या पंख्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. परंतु रत्नागिरीकडून कोल्हापुरास येताना आंबा घाटात पुढे मालाने लादलेला ट्रक, मागे एस.टी. आणि वर वैशाखाचे ऊन अशा अवस्थेत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगू लागली, म्हणजे इंजिनावरचा भार कमाल, वारा मात्र नाममात्र, आणि अशा वेळी तो पंखा फिरला नाही तर पाच-दहा मिनिटांत जे घडते त्याची भरपाई करण्यास पुढे आठवडा लागतो. ही भरपाई ज्या हुन्नराने होते, त्याचा परिचय करून देण्याचे येथे योजिले आहे.

जुन्या गाड्यांत हा प्रसंग निराळ्या वाटेने येत असे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पद्मिनीत पंखा पाण्याच्या पंपाच्याच दांड्यावर बसविलेला असे व पट्ट्याच्या योगाने इंजिन स्वतःच त्याला फिरवी. त्यामुळे पट्टा शाबूत असेतो पंखा बंद पडण्याचा संभव नव्हता, आणि पट्टा तुटलाच तर बॅटरीचे चार्जिंगही थांबून समोरचा लाल दिवा तत्काळ वर्दी देई. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 रस्त्यावर आली आणि तिच्याबरोबर आडवे बसविलेले इंजिन सामान्य माणसाच्या दारात आले. आडव्या इंजिनाच्या क्रँकचे टोक गाडीच्या बाजूकडे असते, रेडिएटर मात्र वाऱ्यासमोरच ठेवावा लागतो. तेव्हा पट्ट्याने पंखा फिरविण्याची सोय उरली नाही आणि बारा व्होल्टची एक लहानशी मोटर त्या कामावर नेमण्यात आली. ही व्यवस्था गुणकारी आहे यात संशय नाही, कारण पंखा गरज असेल तेव्हाच फिरतो आणि थंड इंजिनास विनाकारण गारठवीत नाही. पण फ्यूज, रिले, पाण्याची उष्णता ओळखणारा थर्मो स्विच, मोटरीतले कार्बन ब्रश आणि अर्थिंगची एक तार, या साखळीतील कोणतीही एक कडी निकामी झाली की पंखा मुकाट्याने थांबतो, आणि त्याच्या थांबण्याची वर्दी देणारा दिवा बहुतेक गाड्यांत नसतो.

पाणी तापत जाते तेव्हा आधी रेडिएटरचे झाकण आपले कर्तव्य बजावते. हे झाकण पाण्यावर सुमारे 0.9 किलोचा दाब राखून ठेवते, त्यामुळे पाणी 100 अंशांऐवजी 118 अंशांच्या आसपास उकळते, व कूलंट मिसळलेले असल्यास आणखी काही अंश उशिरा. त्यापलीकडे दाब गेला की झाकणातील झडप उघडते, पाणी बाजूच्या डब्यात व तेथून रस्त्यावर सांडू लागते, आणि सिलिंडरांवर झाकणासारखे बसणाऱ्या हेडमधील वाटांत पाण्याच्या जागी वाफ भरते. याच टप्प्यावर एक विपरीत गोष्ट घडते, जिने अनेकांची फसगत केली आहे: उष्णता मोजणारा सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडला की त्याला वाफेची वा हवेची झळ पुरेशी लागत नाही, आणि लाल रेषेपर्यंत चढलेला काटा खाली उतरू लागतो. गाडी सावरली असे समजून चालक पुढे निघतो. वस्तुतः खरा विध्वंस तेव्हाच आरंभलेला असतो.

हा विध्वंस समजून घेण्यासाठी दोन धातूंचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते, आणि त्याखालचा सिलिंडरांचा ब्लॉक अनेक गाड्यांत बिडाचा. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीने प्रसरण पावते. चाळीस सेंटिमीटर लांबीचे हेड 100 अंशांनी अधिक तापले तर ते सुमारे 0.9 मिलिमीटर वाढू पाहते, आणि त्याखालचा ब्लॉक त्याच्या निम्मेच. परंतु हेड दहा-बारा बोल्टांनी जखडलेले असते. मनाजोगे पसरता येत नाही म्हणून धातू जागच्या जागी दबतो, दोहोंमधल्या गॅस्केटला चिरडतो, बोल्टांना ताणतो, आणि इंजिन निवल्यावर आकसताना पूर्वीच्या आकारात परतत नाही. त्याचा तळ किंचित कमानदार होऊन बसतो. गाडी उकळली त्या दिवशी नव्हे तर दुसऱ्या दिवशी सकाळी गळती का सुरू होते, या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. तापलेले असताना फुगलेले हेड गॅस्केटला घट्ट दाबून धरते. थंडावल्यावर तो दाब सैल होतो आणि पाणी रात्रभरात सिलिंडरमध्ये झिरपते.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, जेथे शेतीच्या ऑइल इंजिनांच्या कामावर कारागिरांच्या पिढ्या घडल्या, हेडच्या कामाला आजही एक प्रतिष्ठा आहे. लेथ, बोअरिंग आणि ग्राइंडिंगची दुकाने एकमेकांना खेटून असलेल्या त्या वस्तीत घाट चढून आलेल्या गाड्यांची हेडे रिक्षातून, सायकलच्या कॅरिअरवरून, गोणपाटात गुंडाळून येत असतात. तेथला जाणता मिस्त्री गाडीच्या बॉनेटला हात लावण्यापूर्वी मालकाची जबानी घेतो. "काटा वर गेल्यावर किती लांब चालवली, तेवढं सांगा साहेब," हा त्याचा पहिला प्रश्न, आणि दुसरा, "गरम असताना थंड पाणी ओतलं का?" या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचा सारा तपास अवलंबून असतो, कारण पंखा बंद पडण्याने फारसे काही बिघडत नाही, बिघडते ते त्यानंतर चालविलेल्या प्रत्येक किलोमीटरने, आणि तापलेल्या धातूवर एकाएकी ओतलेल्या गार पाण्याने हेडला जी चीर पडते ती तर पूर्णपणे मनुष्यकृत असते.

जबानीनंतर पंचनामा. तेल भरण्याच्या झाकणाखाली चहाच्या रंगाचा, लोण्यासारखा थर आढळला तर तेलात पाणी उतरले आहे. नळीतून गोडसर वासाचा पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट सिलिंडरात जळत आहे. थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत असतील तर जळणाचा वायू पाण्यात शिरत आहे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकदमच उतरलेले असेल, तर त्या दोहोंमधल्या अरुंद पट्टीवर गॅस्केट जळाले आहे असे बिनदिक्कत समजावे. सिलिंडरात पाणी साचल्याची शंका असल्यास शहाणा मिस्त्री स्टार्टर मारण्याआधी प्लग काढून घेतो, कारण पाणी दाबले जात नाही आणि वर येणाऱ्या पिस्टनने त्याला दाबण्याचा यत्न केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

हेड सोडवितानाही क्रम पाळावा लागतो: इंजिन पुरते थंड, आणि बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडेथोडे सैल करीत. मग येतो तो क्षण ज्यात या कसबाचे सारे मर्म साठलेले आहे. तळ पत्र्याने घासून, पेट्रोलने धुऊन, कोरडा करून मिस्त्री हेड पालथे ठेवतो आणि त्यावर पोलादी सरळ पट्टी उभी धरतो. आधी लांबीत, मग रुंदीत, मग दोन्ही कर्णांवर. पट्टीमागे दिवा धरला की जेथे धातू खचला आहे तेथे प्रकाशाची रेघ दिसते. त्या फटीत तो फीलर गेजची पाने सरकवून पाहतो. 0.05 मिलिमीटरचे पान शिरले नाही तर हेड सरळ. शिरले आणि पुढचे जाडही शिरले, तर हेडने जागा सोडली. 0.05 मिलिमीटर म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी जाडी, आणि एवढ्याशा फटीवर हजारो रुपयांच्या खर्चाचा निवाडा ठरतो. हे माप न घेताच हेड "फेसिंगला पाठवा" म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला तो प्रकार निंद्य वाटतो, कारण फेसिंगमध्ये जो धातू उतरविला जातो तो कोणत्याही उपायाने परत मिळत नाही.

फेसिंगने तळ सपाट होतो हे खरे, पण त्याने हेड सरळ होतेच असे नाही, आणि या कामातील सर्वांत उपेक्षित मुद्दा तो हाच. ज्या इंजिनात कॅम दांडा हेडमध्येच बसतो, त्यात तळ वाकला तेव्हा वरची कॅमची घरेही त्याच कमानीत वाकलेली असतात. खालचा भाग घासून सपाट केला तरी वरची रांग वाकडीच राहते. रॉकर काढून कॅम बोटांनी फिरवून पाहावा. तो सहज फिरला तर चिंता नाही. जागोजागी अडला तर ते हेड आधी सरळ केले पाहिजे. त्याची रीत अशी की जाड पोलादी पाटावर हेड पालथे न घालता सुलटे ठेवून, दोन्ही टोकांखाली योग्य जाडीच्या चकत्या देऊन मध्यभाग बोल्टांनी खाली ओढतात, ते सारे भट्टीत 200 अंशांहून थोडे अधिक काही तास तापवतात आणि हळूहळू निवू देतात. धातू ताण सोडतो आणि सरळ होतो. त्यानंतरचे फेसिंग केवळ नावापुरते लागते. हे काम सर्वत्र होत नाही. जेथे होते तेथील कारागिराला अधिक मोबदला देण्यात काडीचाही अन्याय नाही.

धातू किती उतरवावा यालाही मर्यादा आहे. हेडची उंची कमी झाली की ज्वलनकक्ष लहान होतो, कॉम्प्रेशन वाढते, इंजिन ठोके देऊ लागते आणि पुन्हा अधिक तापते. कॅम क्रँकच्या जवळ सरकल्याने व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळही किंचित चुकते. म्हणून निर्माते प्रत्येक हेडची किमान उंची ठरवून देतात, आणि तिच्याखाली गेलेले हेड भंगारात घालावे हेच बरे.

चिरेचा तपास निराळा. दोन व्हॉल्व्हच्या बैठकींमधली अथवा बैठक आणि प्लग यांच्यामधली चिंचोळी जागा सर्वाधिक तापते आणि तेथेच केसासारखी चीर पडते. तांबडा रंग शिंपडून, पुसून, वर पांढरी भुकटी मारली की चिरेत शिरलेला रंग रेघ होऊन वर उमटतो. पण आतल्या पाण्याच्या वाटेतली चीर या रीतीने दिसत नाही. तिच्यासाठी हेडच्या पाण्याच्या तोंडांवर रबर लावलेल्या पट्ट्या आवळून, आत हवेचा दाब देऊन, ते गरम पाण्याच्या टाकीत बुडवावे लागते. गरम पाण्याचा आग्रह अशासाठी की थंडीत मिटलेली चीर उष्णतेने उघडते. चीर सोपी असेल तर आर्गॉनची वेल्डिंग करून, बैठकी नव्याने बसवून हेड वाचविता येते. फार तापलेल्या हेडचा कठीणपणाच नाहीसा झालेला असतो. असे मऊ हेड बोल्टांखाली दबत राहते व नवे गॅस्केटही थोड्याच दिवसांत उडवते. कठीणपणा मोजण्याची सोय असेल तेथे तो मोजून घेण्यात कुचराई करू नये.

हेड वर्कशॉपात असताना ब्लॉककडे पाठ फिरविणे ही घोडचूक. सिलिंडरच्या भिंतींवर उभे ओरखडे असतील व नखाला लागत असतील, तर तेलाचा पातळ थर जळून पिस्टन भिंतीला घासला आहे. अशा वेळी ब्लॉक उतरवून बोअर मारण्यावाचून गत्यंतर नाही. पाणी मिसळलेल्या तेलात गाडी चालली असेल तर बेअरिंगे उघडून पाहावीत. ब्लॉकचा माथाही त्याच पट्टीने तपासावा. व्हॉल्व्हचे रबरी सील उष्णतेने कडक झालेले असतात. ते बदलले नाहीत तर गाडी घरी नेल्यावर निळा धूर टाकते आणि मिस्त्रीच्या माथी नाहक दोष येतो. थर्मोस्टॅट मेणाच्या प्रसरणावर चालतो, व एकदा अतोनात तापलेल्या मेणाचा भरवसा धरू नये.

जोडणीत घाई चालत नाही. बोल्टांची भोके फुंकून कोरडी करावी लागतात, कारण तळबंद भोकात राहिलेले तेल वा पाणी बोल्टाच्या दाबाने ब्लॉक फोडू शकते. आटे मेलेले असतील तर नवे बसवावे लागतात. मग टॉर्क पान्याने, मध्यापासून बाहेरच्या बाजूस, निर्मात्याने दिलेल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने आवळणी. पाणी भरताना हीटर उघडा ठेवून आतली हवा निघू द्यावी लागते. हेडमध्ये अडकलेला हवेचा एक फुगा केलेली सारी मेहनत वाया घालवू शकतो.

आणि एवढे झाल्यावरही काम पुरे होत नाही, कारण ज्याच्यामुळे हे ओढवले तो पंखा अजून तसाच आहे. मोटरीला बॅटरीतून थेट वीज द्यावी; फिरली तर मोटर निर्दोष. मग फ्यूज व रिले. शेवटी थर्मो स्विचच्या दोन तारा एकत्र जोडाव्यात. पंखा सुरू झाला तर दोष स्विचचा. मोटरीवर पान्याची मूठ ठोकताच पंखा फिरू लागला तर ब्रश झिजून अडकले आहेत, आणि ठोकून चालू झालेला पंखा दुरुस्त झाला असे समजणाऱ्या माणसावर पुन्हा हेड घेऊन जाण्याची पाळी येते. उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवून पंखा आपणहून सुरू होतो, आपणहून थांबतो आणि पुन्हा सुरू होतो, हे मिस्त्रीने समोर दाखविल्याशिवाय मालकाने किल्ली ताब्यात घेऊ नये.

पहिले तेल थोडक्या किलोमीटरांतच बदलावे, कारण त्यात राहिलेला पाण्याचा अंश बेअरिंगांना बाधतो. पाण्याची पातळी थंड इंजिनावर रोज सकाळी पाहावी. पावतीवर हेडची फेसिंगनंतरची उंची मिलिमीटरांत लिहून घ्यावी आणि ती पावती गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी, म्हणजे पुढे कधी हेड उतरविण्याचा प्रसंग आलाच तर किती धातू शिल्लक आहे हे त्या वेळच्या मिस्त्रीस कळेल.