रोमचे तांब्याचे नाणे इकडे का आले नाही?

घरातला एखादा जुना डबा उघडला की तळाशी चार आण्यांचे, म्हणजे 25 पैशांचे नाणे सापडते. ते घेऊन काळाचौकीच्या नाक्यावरील वाण्याकडे जा. तो हसून परत देईल, कारण 2011 च्या जूनअखेर हे नाणे चलनातून बाद झाले. धातू तोच, वजन तेच. मग किंमत गेली कुठे?

याचे उत्तर एका रोमन नाण्याकडून घेऊ. सम्राट कॅलिग्युलाच्या काळात (इ. स. 37 ते 41) त्याचा आजोबा मार्कस आग्रिप्पा याच्या सन्मानार्थ ते पाडले गेले. आग्रिप्पा हा सम्राट ऑगस्टसचा जावई. इ. स. पूर्व 31 मधील ॲक्टियमची आरमारी लढाई त्याने जिंकून दिली. म्हणून नाण्यावर त्याच्या मुकुटाला जहाजांच्या पुढच्या टोकांची नक्षी आहे. मागे समुद्रदेव नेपच्यून उभा आहे; त्याच्या हातांत त्रिशूळ आणि डॉल्फिन. शेजारची दोन अक्षरे सांगतात: 'सिनेटच्या ठरावाने'.

संग्राहक याला ब्राँझचे नाणे म्हणतात. प्रत्यक्षात ते जवळजवळ शुद्ध तांब्याचे असते. नाव 'आस', वजन सुमारे 11 ग्रॅम. 16 आस म्हणजे चांदीचा एक देनारियस आणि 25 देनारियस म्हणजे सोन्याचा एक ऑरेयस.

आता आपल्याकडे येऊ. काळाचौकीला लागूनच कॉटन ग्रीन आहे. कापसाच्या व्यापारावरून पडलेले हे नाव. महाराष्ट्राचा कापडव्यापार मात्र फार जुना. इ. स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तकात कल्याण, पैठण आणि तगर (आजचे तेर) यांचा उल्लेख आहे. तगरचे कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जाई. तेथे रोमचे सोन्याचांदीचे नाणे नफ्याने बदलून मिळे, असे लेखक नोंदवतो.

मग त्या काळी आस का येत नसे? जरा गणित करा. एका ऑरेयसचे 400 आस, म्हणजे 4 किलो 400 ग्रॅम तांबे! ऑरेयस स्वतः आठ ग्रॅमच्या आतच. शिवाय सोने-चांदी कुठेही वजनावर खपते. आसची किंमत मात्र बरीचशी राज्याच्या शब्दावर होती, आणि रोमच्या सिनेटचा शब्द भडोचच्या बाजारात कोण मानणार? आपल्या 25 पैशांचेही तसेच झाले. राज्याने शब्द मागे घेतला. उरला नुसता धातू.

गंमत अशी की, नाण्यावरचा देव मात्र इकडे आला! कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या नेपच्यूनची, छोटी ब्राँझमूर्ती सापडली. ती तेथील टाऊन हॉल संग्रहालयात आहे. मूर्तीला कोणाच्या शब्दाची गरज नव्हती. ती वस्तू म्हणूनच मोलाची होती.

आज खिशातले एक नाणे काढून नीट पाहा. सिंहांची राजमुद्रा दिसेल: हाच राज्याचा शब्द. वर्षाखाली चौकटसारखी खूण असेल, तर तो शब्द मुंबईच्या टांकसाळीत उमटला आहे.