गादीखालच्या यंत्राचा भरवसा किती?
गादीखालची पट्टी बाळाची हालचाल टिपते आणि साधारण 20 सेकंद काही जाणवलं नाही, की भोंगा वाजवते. बाळ नुसतं कडेला सरकलं तरी तो वाजतो आणि आईबाप धडपडत उठतात. खरं तर तान्ह्या बाळाचा श्वास झोपेत 5-10 सेकंद थांबून पुन्हा सुरू होणं स्वाभाविकच. निदान यंत्रामुळे आईबापांचा डोळा लागतो, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण त्याच भरवशावर बाळाला पालथं निजवलं तर धोका वाढतो. बाळाचा झोपेतला आकस्मिक मृत्यू टाळण्यासाठी या यंत्रांवर विसंबू नका, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना बजावते. तिथे 1994 मध्ये बाळांना उताणं निजवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. डॉक्टरांनीच एखाद्या बाळासाठी यंत्र सुचवलं असेल, तर ते जरूर वापरावं.