चुंबकाने शोधलेला पूर

माझ्या खिशात नेहमी एक लोहचुंबक असतो. मुळा-मुठेच्या वाळूत फिरवला की काळे कण त्याला मिशांसारखे चिकटतात. ते आपल्या बेसॉल्टमधलं मॅग्नेटाइट. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वाला वाला खोऱ्यात गेलो, तेव्हा सवयीने तिथल्या गाळातही तो फिरवला. काळी चिमूट चिकटलीच. तिथला खडकही लाव्हाचाच!

सुमारे १८ ते १५ हजार वर्षांपूर्वी हिमनदीने नदी अडवली आणि माँटानात सुमारे २,००० घन किलोमीटरचं मिझूला सरोवर साचलं. बर्फाचा बांध पुन्हा पुन्हा फुटत राहिला आणि महापूर या वाला वाला खोऱ्यापर्यंत येत राहिले. १९२३ साली भूवैज्ञानिक जे हार्लन ब्रेट्झ यांनी महापुराची कल्पना मांडली, तेव्हा इतर बरेच भूवैज्ञानिक तिला मानायला तयार नव्हते.

याच खोऱ्यातल्या बर्लिंगेमच्या घळीत पुराच्या गाळाचे जवळपास ४० थर चळतीसारखे रचलेले आहेत. प्रत्येक थरात खाली भरड, वर बारीक. पण हा गाळ आला कुठून? माँटानाचे जुने गाळाचे खडक चुंबकाला फारशी दाद देत नाहीत, वाटेतला बेसॉल्ट मात्र भरपूर देतो. नमुना उपकरणात ठेवून तो किती चुंबकित होतो हे मोजलं, की त्यात बेसॉल्टचा वाटा किती, याचा अंदाज येतो. कणांची ठेवण प्रवाहाची दिशाही सुचवते.

अर्थात कणांच्या आकारानेही आकडा बदलतो, म्हणून एकट्या चुंबकावर निकाल देत नाहीत. तो साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.