‘डोकं चालत नाही’ असं कामगार म्हणतो तेव्हा

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला आणि १९८२ मध्ये देशाचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतरच्या चाळीसेक वर्षांत जालना एमआयडीसीने सळईच्या बाजारात नाव कमावलं. भंगार वितळवणाऱ्या फर्नेस आल्या, रोलिंग मिल आल्या, मराठवाड्याच्या खेड्यांतून आणि बिहार-उत्तर प्रदेशातून मजूर आले. मानसिक आरोग्याचं कामही पुढे सरकलं: १९९६ मध्ये जिल्हा पातळीवरचा कार्यक्रम, २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’, २०१७ मध्ये नवा कायदा. तरीही या सगळ्याचा लाभ कारखान्याच्या फाटकाच्या आत फारसा पोचला नाही. पैसा आणि डॉक्टर कमी पडले हे खरंच, पण माझ्या मते आपली समजूतही तितकीच तोकडी पडली. दुष्काळ आणि आत्महत्या यांच्या बातम्यांतून नैराश्याची ओळख झाल्यामुळे नैराश्य म्हणजे दुःख, रडणं आणि अखेरीस जीव देणं, एवढंच मनात बसलं. या आजारात माणसाचं लक्ष, आठवण आणि निर्णयशक्ती खालावते, ही बाजू मागेच राहिली. शेतकरी कर्जापायी खचतो हे सरकारने मान्य केलं. त्याचाच मुलगा फर्नेसवर कामाला लागला की त्याच्या मनाची विचारपूस मात्र थांबली.

खरं तर ही बाजू विज्ञानाला नवी नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत ॲरन बेक यांनी दाखवलं की नैराश्यात स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयीचे विचारच एका ठरावीक काळ्या वळणाने जातात. १९८६ मध्ये इंग्लंडच्या मार्क विल्यम्स आणि डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांना एकेक शब्द देऊन त्यावरून एखादा नेमका प्रसंग आठवायला सांगितला. रुग्णांकडून प्रसंगाऐवजी बऱ्याचदा ढोबळ उत्तरं आली. यात मोठा अर्थ आहे. मागच्या वेळी अडचणीतून नेमकं कसं निघालो हेच आठवलं नाही, तर आजच्या अडचणीतून वाट काढायची कशाच्या आधाराने? २००१ पासून जगभर वापरात असलेल्या नऊ प्रश्नांच्या तपासणीतही एक प्रश्न वर्तमानपत्र वाचताना लक्ष लागतं का, हा आहे. दुसरा हालचाल आणि बोलणं मंदावलंय का, याविषयी आहे. पुढे २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या एका आढाव्यात असं दिसलं की मन सावरल्यावरही लक्ष आणि नियोजनातली उणीव काही अंशी उरते.

आता हे फर्नेसच्या तोंडाशी नेऊन पाहा. भट्टीत सुमारे १६०० अंशांचा रस. त्यात ओलं भंगार किंवा तोंड बंद असलेला डबा गेला तर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस बाहेर उसळतो. भंगाराच्या ढिगात तसला डबा बऱ्याचदा माणसाच्या नजरेलाच हेरावा लागतो, पाळी संपेपर्यंत, तासन्‌तास. ज्याच्या डोक्यात एकच चिंता दिवसरात्र फिरते आहे आणि ज्याची झोप पहाटे तीनलाच मोडते, त्याच्याकडून ही नजर टिकत नाही. बाहेरून ते आळस वाटतं, कामचुकारपणा वाटतो, आणि मुकादमाच्या तोंडी ‘कामात मन नाही’ एवढंच येतं.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: अशाने प्रत्येक अपघात कामगाराच्या मनावर ढकलून मालक मोकळा होईल. तसं होता कामा नये. एका माणसाची नजर चुकली म्हणून जीव जात असेल तर ती व्यवस्थाच कच्ची. भंगाराची दुहेरी तपासणी, आडोसे आणि संरक्षक पोशाख ही मालकाचीच जबाबदारी. दुसरा आक्षेप असा की उष्मा आणि रात्रपाळीनेही डोकं जड होतं. होतं, पण विश्रांतीने ते बऱ्याच अंशी ओसरतं. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळपास रोज मन उदास राहिलं किंवा कशातच रस उरला नाही, आणि सोबत झोप, भूक, लक्ष बिघडलं, तर ते थकव्याच्या पलीकडचं असू शकतं. तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे: हे उघड झालं तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस उभा करेल. ही भीती खोटी ठरवता येत नाही. २०१७ चा कायदा मानसिक आजाराला उपचारांत शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवायला सांगतो, पण ठेक्यावरच्या मजुराची रोजी तो वाचवत नाही. म्हणून बोलायला सुरुवात कारखानदारांनी करायला हवी, आणि आजारातून उठलेल्याला काही आठवडे भट्टीपासून दूरचं काम त्याच पगारावर द्यायला हवं.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. त्या राज्यांत नैराश्याच्या शंभरांतल्या सुमारे ८५ रुग्णांना उपचार मिळत नव्हते. जालन्याच्या कारखानदारांना आणि ठेकेदारांना म्हणूनच एक विनंती आहे. चांगला कामगार अचानक चुका करू लागला, तर ताकीद देण्याआधी त्याला बाजूला घेऊन झोप कशी आहे, लक्ष लागतं का, एवढं विचारा. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास सुरू आहे, हा क्रमांक हजेरीच्या जागी मराठीत आणि हिंदीत ठळक अक्षरांत लावा.