पेटी मे महिन्यात उघडू नये

मे महिन्यात आमच्याकडे कुणी पेटी उघडत नाही. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, जुन्या दारांच्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडलेल्या असतात आणि पेटीचं सागवान तरी दारापेक्षा वेगळं कसं वागणार? तळाची फळी आकसते, भात्याचं कातडं ताठरतं, एक पट्टी दाबली की शेजारचा सूर न बोलावता कुजबुजायला लागतो. या दिवसांत फट भरून घेतली तर आषाढात लाकूड फुगतं आणि फळी दुसरीकडून उकलते. म्हणून धुळे-जळगावकडचा जाणता कारागीर कितीही गिऱ्हाईक असलं तरी सांगतो, ‘पाऊस होऊन जाऊ द्या, दसऱ्याला आणा.’

माझ्याकडची हातपेटी आजोबांच्या भजनी मंडळाची. पांझरेकाठच्या गावात मारुतीच्या पाराजवळच्या खोलीत ती राहायची. मंडळ मोडलं, खोली पडली, आणि तिथल्या म्हाताऱ्यांनी ती आमच्या घरी आणून ठेवली. साडेतीन सप्तकं, खर्ज आणि नर असे सुरांचे दोन संच, पांढऱ्या पट्ट्या हातांच्या घामानं पिवळ्या पडलेल्या. वरची फळी काढली की आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं दिसतं: ‘सूर लावले. कार्तिक शु. ११.’ साल नाही. लिहिणाराचं नावही नाही.

तिकडे पाश्चात्त्य देशांत जुन्या गिटारींचे मोठे शौकीन आहेत. १९५९ सालची गिब्सन लेस पॉल हाती आली तर ते आधी तिचे स्क्रू बघतात, तारांखालची चुंबकं बघतात, रंग पुन्हा मारला आहे का ते बघतात, आणि मग तिची किंमत घराच्या किमतीला जाऊन भिडते. पेटीच्या शौकिनाचंही तसंच असतं. फरक एवढाच की तो लाकडाकडे, नक्षीकडे, पितळी कड्यांकडे फारसं बघत नाही. तो विचारतो, ‘सूर कुठले?’

सूर म्हणजे पितळेची जीभ. पितळेच्याच जाड पट्टीत एक खाच असते आणि त्या खाचेवर ही पातळ जीभ एका टोकाला रिबिटानं घट्ट बसवलेली असते. भात्यातला वारा खाचेतून निसटायला लागला की जीभ खालीवर थरथरते आणि ती थरथर म्हणजेच आपल्याला ऐकू येणारा स्वर. ही युक्ती मूळची चीनची. तोंडानं वाजवायच्या शेंग नावाच्या वाद्यात ती फार जुनी आहे. आपल्याकडेही साक्रीच्या डोंगरपट्ट्यात पावरी वाजते, तिच्या भोपळ्यात कोंडलेला वारा बांबूच्या जिभेलाच बोलतं करतो. पेटी परदेशातून आली खरी, पण वाऱ्यानं हलणारी जीभ सातपुड्याला आणि सह्याद्रीला नवी नव्हती.

पॅरिसच्या अलेक्झांडर डेबॅं यानं १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते पायानं भाता मारायचं, टेबलाएवढं वाद्य होतं. मिशनऱ्यांबरोबर ते हिंदुस्थानात आलं आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याची मांडीशी घेऊन बसता येईल अशी हातपेटी केली. त्यांची द्वारकिन ही पेढी १८७५ सालची. खुर्चीवरून गादीवर उतरताच पेटी आपली झाली. एका हातानं भाता, एका हातानं सूर. गाणाऱ्याला स्वतःची साथ स्वतःच करता यायला लागली. कीर्तनकाराला, शाळामास्तराला, तमाशाच्या फडाला परवडेल आणि बैलगाडीत घालून नेलं तरी सूर उतरणार नाहीत, असं दुसरं वाद्य नव्हतं. सारंगीला दर बैठकीला जुळवावं लागतं, पेटी उघडली की तयार.

मराठी रंगभूमीनं तर तिला डोक्यावर घेतलं, आणि त्या गोष्टीचा एक धागा जळगावातून जातो. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. हा मुलगा लहानपणी जळगावला नातलगांकडे राहिला आणि मेहबूबखान यांच्याकडे त्यानं गाण्याचे पहिले धडे घेतले. पुढे १९०५ साली तो किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला आणि महाराष्ट्र त्याला बालगंधर्व म्हणून ओळखू लागला. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा त्यांच्याबरोबरच्या दोन भागीदारांत गणपतराव बोडस होते आणि गोविंदराव टेंबे होते. टेंबे हे पेटीवादक. १९११च्या ‘मानापमान’च्या चाली त्यांच्याच. ज्या वाद्याला गवय्ये साथीचं म्हणून मागे बसवत, ते वाजवणारा माणूस नाटक मंडळीचा मालक होतो, ही मला पेटीच्या इतिहासातली फार मोठी घटना वाटते.

गंधर्व मंडळीच्या साथीला हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला. यातल्या ऑर्गनबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण आता पेटी आणि ऑर्गन यांतला भेदच लोक विसरलेत. पेटीत वारा दाबून बाहेर काढतात. अमेरिकन घडणीच्या ऑर्गनमध्ये उलटं असतं: पायानं भाते मारले की आतली हवा ओढली जाते आणि बाहेरची हवा सुरांवरून आत शिरते. त्यामुळे त्याचा आवाज पेटीसारखा टोचत नाही, गोल येतो. अमेरिकेत व्हर्मॉंटच्या एस्टी कंपनीनं असे पाच लाखांहून जास्त ऑर्गन केले.

अमळनेरला एका जुन्या वाड्यात असा एक ऑर्गन मला एकदा वाजवायला मिळाला. दोन्ही पायांना एक लय द्यावी लागते, ती चुकली की सूर धापा टाकतो. दोन्ही हात मोकळे राहतात. गुडघ्याजवळ एक लाकडी दांडी असते, ती बाहेर रेटली की आतली झडप उघडते आणि आवाज भरत जातो. गुडघा सैल सोडला की तोच स्वर दूर गेल्यासारखा होतो. पाच मिनिटांत माझ्या पोटऱ्या भरून आल्या. ध्वनिक्षेपक नसलेल्या नाट्यगृहात शेवटच्या बाकापर्यंत गायकाच्या स्वराखाली अशी भरीव सतरंजी पसरत राहायची, तीही रात्र सरेपर्यंत, एकामागून एक वन्समोअर घेत. वादकाच्या पायांत काय ताकद असेल! ऑर्गनच्या साथीची ही मराठी चाल आजही नाट्यसंगीताच्या मैफलीत दिसते. जळगावात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे आणि दर जानेवारीत चांदोरकर प्रतिष्ठान त्यांच्याच नावानं संगीत महोत्सव भरवतं. त्या दिवसांत जळगावच्या थंडीत चांगली पेटी ऐकावी. सुकलेलं लाकूड आणि गार हवा यांनी सुराला जी धार येते ती दमट मुंबईत येत नाही, असं माझं पक्कं मत आहे.

पेटीला शत्रूही मोठमोठे मिळाले. मार्च १९४०मध्ये आकाशवाणीनं तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ साली थोडी सैल झाली. आक्षेप दोन. पेटीतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही. आणि तिचे बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, आपल्या रागांचे तसे नसतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि त्यांच्याबरोबर काम करणारे इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांनी याच्या कितीतरी आधी बावीस श्रुतींची पेटी करून पाहिली होती. लंडनच्या मूर अँड मूरनं ती बनवली. ती चालली नाही. मात्र आक्षेपात तथ्य होतं. अर्ध्या स्वराच्या अंतराचे शंभर भाग केले तर पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे चौदा भाग चढा असतो. कान तयार असेल तर तो काट्यासारखा बोचतो.

खेडोपाडीच्या भजनी मंडळांनी या वादात भाग घेतला नाही. त्यांनी कानस घेतली.

जिभेचं मोकळं टोक किंचित घासलं की ती हलकी होते आणि सूर चढतो. रिबिटाजवळ, मुळाशी घासलं की ती लवचीक होते आणि सूर उतरतो. सगळं ट्यूनिंग एवढ्यावर चालतं. माझ्या पेटीतल्या जिभा पहिल्यांदा भिंगाखाली पाहिल्या तेव्हा पांढरी चार आणि काळी पाच, म्हणजे सप्तकातली चौथी पांढरी आणि पाचवी काळी पट्टी, यांच्या जिभांच्या मुळाशी, दोन्ही संचांत, प्रत्येक सप्तकात, आडव्या ओरखड्यांची दाटी दिसली. बाकीच्या सुरांवर इतके ओरखडे नव्हते. काळी एकचा षड्ज धरला तर पांढरी चार हा गंधार होतो आणि काळी पाच हा धैवत. म्हणजे ही पेटी काळी एकमध्ये गाणाऱ्या गळ्यासाठी उतरवलेली होती. आजोबा काळी एकमध्ये गायचे, हे मला आईनं नंतर सांगितलं. पेटीनं आधी सांगितलं होतं.

जुन्या पेटीची खरी जुनी गोष्ट ती हीच. तिच्या सुरांत कुणाचा तरी कान कोरलेला असतो. लोक मात्र सुरांकडे फक्त धातू म्हणून बघतात. जर्मनीचे ज्युबिलेट सूर, पॅरिसच्या कास्रियेलचे सूर यांचं नाव बाजारात अजून खणखणतं. तिकडची आवक थांबल्यावर गुजरातेत पालिताण्याला सुरांचा धंदा वाढला आणि आजच्या बहुतेक पेट्यांत तिकडचेच सूर असतात. त्यातले चांगले खरंच चांगले असतात. पालिताण्याला नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. वाईट याचं वाटतं की नावाजलेल्या सुरांसाठी जुनी पेटी फोडतात. सूर काढून नव्या चकचकीत पेटीत बसवतात, उरलेलं खोकं चुलीत जातं. आणि जी पेटी चार कुटुंबांनी, एका गावानं, शंभर एकादश्यांना ऐकली, तिची ओळख सुट्या पितळेच्या पट्ट्यांत उरते.

माझ्या पेटीवरही तशीच पाळी येता येता टळली, आणि त्यात चूक माझीच. एका मोठ्या शहरात मी ती दुरुस्तीला दिली. तिथे त्यांनी मोबाइलच्या यंत्रावर काटा बघत बेचाळीसच्या बेचाळीस पट्ट्या एका रेषेत आणून ठेवल्या. काम स्वच्छ होतं, भाता घट्ट होता, पैसे रास्त घेतले. घरी आणून काळी एकचा षड्ज धरला, गंधारावर बोट ठेवलं आणि पोटात गोळा आला. गंधार चढला होता. कुठल्याही दुकानातल्या पेटीचा असतो तसा. मी काही बोललो नव्हतो, सांगितलं नव्हतं. त्यांनी त्यांच्या समजुतीनं दोष काढून टाकला होता.

दोन वर्षं ती तशीच कपाटावर पडली. पेटीला याहून वाईट काही नाही. न वाजवलेल्या पेटीत कसर लागते, ती पट्ट्यांखालची लोकर खाते. उंदीर भात्याचं कातडं कुरतडतात. पावसाळ्यात जिभेवर हिरवट कळा चढते आणि एकेक सूर मुका होत जातो. गावाकडचे एक नाना, मंडळातले शेवटचे टाळकरी, घरी आले असता त्यांनी भाता हलवून पाहिला आणि म्हणाले, ‘भाऊ, हाई पेटी आते बोलस नही, खोकलस.’

त्या वर्षी दसऱ्यानंतर मी ती इथल्याच एका कारागिराकडे नेली. वयस्कर माणूस, अंगणात बाज टाकून त्यावर काम करणारा. त्यानं यंत्र काढलं नाही. पट्ट्यांची फळी उचलून सुरांचा खण उन्हाकडे धरला आणि बराच वेळ नुसता बघत बसला. मग पांढरी चारची जीभ दाखवत म्हणाला, ‘टोकाला बघा, हे चकाकतंय. हा नवा घाव. मुळाशी बघा, काळवंडलेला. हा जुना. जुन्यानं उतरवलं होतं, नव्यानं चढवलं.’ दोन वर्षं मला जे सांगता येत नव्हतं ते त्यानं पितळेच्या रंगावरून वाचलं.

त्याची हत्यारं म्हणजे एक बोथट चाकू, एक बारीक कानस आणि जिभेखाली सरकवायला पितळेचा पातळ पत्रा. शेजारी जुना तंबोरा काळी एकमध्ये लावून त्यानं नातवाच्या हाती दिला. नातू छेडत राहिला. कारागीर मुळाशी दोनदा ओरखडा काढी, जीभ जागेवर बसवी, भाता मारून ऐकी. पुन्हा काढी. घाई केली तर जीभ पातळ होते आणि मग सूर फाटतो. पितळ एकदा गेलं की परत येत नाही. एका जिभेला पाऊण तास लागला. गंधार आणि धैवत, दोन संच, साडेतीन सप्तकं. चार दिवस. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो.

चौथ्या दिवशी त्यानं मला षड्ज धरायला लावला आणि स्वतः गंधार दाबला. दोन स्वरांमध्ये आधी जी लाट ऐकू यायची ती आता नव्हती. तंबोरा, षड्ज, गंधार, सगळं एका जागी उभं राहिलं. नातवानं छेडणं थांबवलं तरी ते थोडा वेळ तसंच होतं.

वरची फळी बसवण्याआधी त्यानं कानामागची पेन्सिल काढली. आधीच्या ओळीखाली ‘सूर लावले’ एवढं लिहून तिथी घातली आणि फळी उचलली. मी म्हटलं, ‘बाबा, सालही घाला.’ त्यानं फळी पुन्हा खाली ठेवली.