विजेवरील गोल करवत : मोठी की लहान?

मुळा-मुठेच्या तीरावरील खराडी गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तथापि गोठा, छप्पर वा दारे-खिडक्या यांची डागडुजी तेथील शेतकरी कुटुंबांस चुकलेली नाही. त्याकरिता वायरीची गोल करवत घेताना किंमत पाहण्यापूर्वी आपणांस कापावयाचे सर्वांत जाड लाकूड मोजावे.

मोठ्या करवतीचे पाते सुमारे १८५ मिलिमीटर व्यासाचे असते. ती सरळ काप सुमारे ६५, तर ४५ अंशांचा तिरका काप सुमारे ४५ मिलिमीटर खोल घेते. लहान करवतीचे पाते सुमारे ११५ मिलिमीटरचे, व सरळ काप जेमतेम ४० मिलिमीटरचा. म्हणजे ५० मिलिमीटर जाडीचा वासा मोठी करवत एका फेरीत कापते. लहान करवतीस तो उलटून दोनदा कापावा लागतो व काप जुळत नाही. उलटपक्षी १९ मिलिमीटरचे प्लायवूड दोन्ही कापतात. तेथे वजनाने हलकी लहान करवतच सोयीची.

फरशी कापण्याच्या यंत्रास लाकडाचे पाते बसविण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. त्याचे पाते फार वेगाने फिरते व त्यास आपोआप मिटणारे झाकण नसते. पाते लाकडात अडकताच यंत्र उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येते.

करवत कोणतीही असो, पाते फळीखाली दाताइतकेच बाहेर राहील अशी खोली ठेवावी व पाते बदलण्यापूर्वी प्लग काढावा.